कोचरेकरांचा गुलाबी दगड

भांडुप पश्चिमेला, टेंभीपाड्याच्या चढावर नवदुर्गा सोसायटी नावाची चार मजली इमारत आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर चंद्रप्रकाश कोचरेकरांचं वन बीएचके घर. त्या घरातली एकुलती एक बेडरूम मागच्या मार्चपासून एका दगडाला दिलेली होती. दगडाला एसी होता. कोचरेकर आणि त्यांची बायको रुक्मिणी हॉलमध्ये पंख्याखाली झोपत, आणि तो पंखाही दोन नंबरच्या वर नेला की खडखड करी, म्हणून दोनवरच ठेवलेला असे. मे महिन्यातल्या एका दुपारी रुक्मिणीबाई उशी घेऊन बेडरूममध्ये शिरायला गेल्या, तर कोचरेकर त्यांना अडवून म्हणाले, "अगं, तुझ्या श्वासात ओल असते." पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं आपल्याकडे इतकं बारीक लक्ष कधी दिलं नव्हतं, असं त्यांनी नंतर मुलीला फोनवर सांगितलं.

कोचरेकर वेडे नव्हते, हे आधी सांगायला हवं. विक्रोळीच्या एका कारखान्यात ते चौतीस वर्षं स्टोअरकीपर होते. नटबोल्टपासून क्रेनच्या हुकापर्यंत जे आत येई त्याची नोंद त्यांच्या रजिस्टरात, आणि जे बाहेर जाई त्याला त्यांच्या सहीचा गेटपास. चौतीस वर्षांत त्यांच्या ताब्यातला एक वॉशरसुद्धा हरवला नाही. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी हे भाषणात सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतले दोघं हसले होते. कोचरेकरांनी ती दोन नावं अजून लक्षात ठेवली आहेत.

दगडांचं खूळ त्या रजिस्टरातूनच निघालं. एकदा राजस्थानच्या वाळवंटातल्या तांब्याच्या खाणीतून एक पंप दुरुस्तीला परत आला. खोकं उघडलं तर पंपाच्या बुडाशी, पेंढ्यात, मुठीएवढा दगड. त्याच्या अंगावर निळेहिरवे, लखलखीत खडे उगवलेले. कोचरेकरांनी कागद तपासले. कागदावर पंप होता, दगड नव्हता. कागदावर नसलेली वस्तू आत घेता येईना, आणि आत न घेतलेल्या वस्तूला बाहेर जायचा गेटपास देता येईना. साहेब म्हणाले, "फेकून द्या हो." पण फेकायला ती आधी भंगार ठरायला हवी, आणि भंगार ठरायला आधी माल असायला हवी. आठ दिवस दगड टेबलाखाली पडून राहिला आणि आठ दिवस कोचरेकरांना जेवण गोड लागलं नाही. शेवटी त्यांनी तो जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून घरी आणला, शंभर पानी वही काढली आणि पहिल्या ओळीवर लिहिलं, 'क्रमांक १. दगड, निळा. आवक.' तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

पण एका नोंदीचं रजिस्टर कुठल्याही स्टोअरकीपरला बघवत नाही. दुसरी नोंद हवीच. चौकशी करता करता त्यांना कळलं की असे रंगीत खडे जगभरच्या वाळवंटी खाणींत निघतात, ते जमवणारी माणसं जगभर आहेत, आणि ती माणसं आपल्या नाशिक-जळगावकडच्या गारगोट्यांसाठी जीव टाकतात. आपल्याकडे खडीच्या खाणीत काळा कातळ फोडला की त्याच्या पोटातून हिरव्या, पांढऱ्या, काचेसारख्या गारगोट्या निघतात. खाणीवरचे मजूर त्या बाजूला लाथाडतात. कोचरेकर रविवारी एसटीनं जायचे, खाणीवाल्यांशी चहा प्यायचे, गारगोट्या रुक्मिणीबाईंच्या जुन्या साड्यांत गुंडाळून आणायचे आणि पोस्टानं परदेशी धाडायचे. बदल्यात दगड यायचे. मोरोक्कोच्या खाणीतले डाळिंबी रंगाचे, नामिबियाचे गर्द निळे, अॅरिझोनाचे नारिंगी, पापडासारखे पातळ. हॉलमधल्या शोकेसमधून आधी चांदीची भांडी हलली, मग मुलीच्या, अक्षताच्या, शाळेतल्या ढाली हलल्या. सोसायटीतली पोरं त्यांना गारगोटीकाका म्हणू लागली. सोसायटीचे सेक्रेटरी यज्ञेश मोंडकर यांनी तर त्यांना पत्रच दिलं, की आपल्या दगडांच्या वजनानं स्लॅबला धोका असल्यास सात दिवसांत खुलासा करावा. कोचरेकरांनी प्रत्येक दगड काट्यावर तोलून एकूण वजन कळवलं. ते मोंडकरांच्या स्वतःच्या वजनापेक्षा अकरा किलोंनी कमी भरलं, हेही त्यांनी खाली टीप म्हणून लिहिलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

या देवाणघेवाणीतला सगळ्यात जुना गडी म्हणजे वॉल्टर. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, एका सुकलेल्या तळ्याच्या काठी त्याचं घर. आयुष्यभर खाणींचे नकाशे काढलेला म्हातारा. अठरा वर्षांत दोघं एकदाही भेटले नाहीत, पण खोकी येतजात राहिली. कोचरेकर त्याला 'आपल्या दिनांक अमुकच्या पत्रास अनुसरून' अशी पत्रं लिहीत आणि वॉल्टर त्यांना बायकोच्या, मार्थाच्या, गोष्टी लिही. मागच्या मार्चमध्ये वॉल्टरचं एक खोकं आलं, आणि त्या वेळी बदल्यात काहीच मागितलेलं नव्हतं.

आत नारळाएवढा गुलाबी दगड होता. चौकोनी चौकोनी खडे एकमेकांवर रचलेले, जणू कुणी बर्फीच्या वड्या घाईघाईनं एकावर एक ठेवल्या आहेत. सोबतच्या पत्रात वॉल्टरनं लिहिलं होतं की हे त्या तळ्यातलं मीठ आहे. मार्थानं स्वतःच्या हातानं खणून काढलेला हा शेवटचा दगड. मार्था गेली. घर विकलं. मी मुलीकडे राहायला चाललोय, तिथे समुद्र आहे आणि बारा महिने पाऊस. तिथे हा टिकणार नाही. तुमचा देश गरम आणि कोरडा. तुमच्याइतकं सांभाळून ठेवणारा माणूस मला माहीत नाही. डिसेंबरमध्ये मी येतो आणि मार्थाचा दगड एकदा डोळे भरून बघतो.

कोचरेकरांनी पत्र दोनदा वाचलं. मग खिडकीतून बाहेर बघितलं. समोरच्या गॅलरीत परवा वाळत घातलेली चादर अजून दमट होती. मुंबईत मिठाच्या डबीतसुद्धा तांदळाचे दाणे टाकावे लागतात, हे अठरा वर्षांत वॉल्टरला सांगायचा प्रसंग आला नव्हता. आता सांगावं तर दगड परत पाठवावा लागणार, आणि तो पावसाच्या गावी जाणार. आणि 'तुमच्याइतकं सांभाळून ठेवणारा माणूस' हे शब्द त्यांना निवृत्तीच्या समारंभातही कुणी ऐकवले नव्हते. त्यांनी उत्तर लिहिलं, 'माल सुस्थितीत मिळाला. आपण निश्चिंत असावे.' क्रमांक २१४. दगड, गुलाबी. आवक. शेऱ्याच्या रकान्यात मात्र पहिल्यांदाच लिहिलं, 'परक्याची ठेव.'

एवढं एकच ध्येय मग त्यांना उरलं. डिसेंबरपर्यंत हा दगड आहे असा राहिला पाहिजे. बेडरूमला एसी आला. दाराच्या फटींना रबराच्या पट्ट्या आल्या. भांडुप स्टेशनसमोरच्या सगळ्या चपलांच्या दुकानांत जाऊन त्यांनी बुटांच्या खोक्यातल्या त्या ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या मागितल्या, इतक्या वेळा की एका दुकानदारानं विचारलं, "काका, खाता काय तुम्ही ह्या?" जून गेला, जुलै गेला. भिंतींना बुरशी आली, पापड मऊ पडले, रुक्मिणीबाईंचे गुडघे धरले. दगड मात्र ठणठणीत होता.

आणि ऑगस्टमध्ये पुण्याला अक्षता बाळंत झाली. दोघांनाही जाणं भाग होतं, चौदा दिवस. दगडाला एकटं कसं टाकायचं? कोचरेकरांनी मग वेंगुर्ल्याजवळच्या गावाहून आपल्या थोरल्या बहिणीला, उत्तराआक्काला, बोलावून घेतलं. आक्का चौऱ्याहत्तर वर्षांची, काटक, एकदा सांगितलेलं काम डोळ्यांत तेल घालून करणारी. तिला समजेल असं त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून बेडरूमच्या दाराला चिकटवलं. वहाणा बाहेर काढाव्यात. हात कोरडे करून आत जावे. आत शिरताना तोंडापुढे रुमाल धरावा. दार लगेच बंद करावे. वस्तूस कोणीही स्पर्श करू नये. आणि तळाशी, लाल शाईनं, एसी अखंड चालू राहावा. एवढं करून कोचरेकर निर्धास्त पुण्याला गेले.

आक्कानं पहिल्या दिवशी ते सगळं वाचलं. वहाणा काढल्या, हात पुसले, पदर तोंडाला लावला आणि आत गेली. अंधारी खोली, गारठा, मधोमध पाटावर पांढरंशुभ्र कापड, त्यावर विजेच्या दिव्याच्या उजेडात गुलाबी तेज फाकणारा दगड. डाव्या बाजूनं एक उंचवटा सोंडेसारखा वळलेला. आक्काच्या अंगावर काटा आला. आपल्या भावाकडे स्वयंभू गणपती आला आणि मेल्यानं बहिणीला सांगितलंसुद्धा नाही. मग तिनं चहूकडे पाहिलं. फूल नाही, समई नाही, पाण्याचा थेंब नाही. चंदूनं देवाला कोंडून ठेवला होता आणि आंघोळीचा पत्ता नव्हता. हात कोरडे ठेवायला सांगितलं होतं, स्पर्श करू नये म्हटलं होतं. पाणी घालू नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कानं दगड ताम्हनात घेतला. तोसुद्धा कापडासकट उचलून, हात न लावता. तांब्यानं बारीक धार धरून अभिषेक केला आणि देवापुढे मागण्याचं गाऱ्हाणं घातलं. गावात गाऱ्हाणं पुरुषमाणूस घालतो, पण तिच्या नवऱ्याचं ऐकून ऐकून तिला पाठ होतं. मग तीर्थ घेतलं. ते खारट लागलं. समुद्राच्या काठी जन्म गेलेल्या बाईला त्यात वावगं वाटायचं कारण नव्हतं. देव समुद्रातनं आला असेल, एवढंच.

रोज संध्याकाळी कोचरेकरांचा पुण्याहून फोन यायचा.

"एसी चालू आहे?"

"चालू आसा."

"हात कोणी लावला नाही ना?"

"हात कोण लावतलो? तू लिवन ठेवलंस मा?"

कोचरेकर समाधानानं फोन ठेवत आणि नातवाला मांडीवर घेत.

तिसऱ्या दिवशी मोंडकर तक्रार घेऊन आले, की एसीचं पाणी खालच्या गॅलरीत पडतंय. आक्कानं त्यांना दारात थांबवलं, वहाणा काढायला लावल्या, तोंडाला रुमाल धरायला लावला आणि तळहातावर पळीभर तीर्थ घातलं. मोंडकर ते प्यायले आणि तिथेच थबकले.

"आजी, हे खारट आहे."

"देवाचा आसा ता," आक्का म्हणाली.

मोंडकर खाली गेले आणि बायकोला सांगितलं. संध्याकाळपर्यंत तिसऱ्या मजल्यावर अकरा माणसं आली. पाचव्या दिवशी जिन्यात रांग लागली. सगळे अनवाणी, सगळ्यांच्या तोंडाला रुमाल, आणि बेडरूममध्ये एसीच्या गारठ्यात उभे राहून आक्काच्या गाऱ्हाण्याला 'होय म्हाराजा' म्हणताहेत. पहिल्या मजल्यावरच्या मुलाचा रखडलेला व्हिसा आला. तळमजल्यावरच्या आजींची उचकी थांबली. ती एरवीही थांबली असती, पण आता तिला मान मिळाला. ज्या मोंडकरांनी दगडांच्या वजनाचं पत्र काढलं होतं त्यांनीच नोटीस बोर्डावर दर्शनाच्या वेळा लावल्या. त्यांना स्वतःला बीपी होतं, घरी अळणी जेवण चालू होतं. बीपी उतरावं म्हणून त्यांनी तीर्थ सुरू केलं. बीपी चढलं. मग त्यांनी तीर्थ वाढवलं.

देव रोज थोडा लहान होतोय, हे आक्काच्या लक्षात आलं होतं. देव प्रसन्न होऊन भक्तांत वाटला जातोय, असा तिनं त्याचा अर्थ लावला. खरं सांगायचं तर, ते काही फारसं चूक नव्हतं.

चौदाव्या दिवशी सकाळी कोचरेकर आणि रुक्मिणीबाई रिक्षातून उतरले, तर तळमजल्यापासून वरपर्यंत पायरीपायरीवर चपला. एवढ्या चपला एकाच कारणानं असतात. "आक्का गेली," ते पुटपुटले आणि बॅग तिथेच टाकून धावत सुटले. वाटेत लोक बाजूला होऊन नमस्कार करू लागले. दुसऱ्या मजल्यावर एका बाईनं त्यांच्या पायांना हात लावला. घरात पाऊल टाकलं तर समोर बेडरूममध्ये आक्का, धडधाकट, पाट लावून बसलेली, हातात तांब्या. पुढ्यात ताम्हन आणि ताम्हनात लिंबाएवढा गुलाबी खडा.

कोचरेकरांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "एसी चालू आहे ना?" आणि मग ते खालीच बसले.

जे सांगायचं ते त्यांनी जमलेल्या सगळ्यांसमोर सांगितलं. हा देव नाही, मीठ आहे. एका म्हाताऱ्याच्या मेलेल्या बायकोनं खणलेलं. तो म्हातारा डिसेंबरात बघायला येणार आहे. कुणाचाच विश्वास बसेना. विश्वास बसला फक्त मोंडकरांचा, तेही बीपीमुळे. "काका, यार, मी दिवसाला सहा पळ्या घेत होतो," ते भिंतीला टेकत म्हणाले. "माझी वाट लागली ना."

शेवटी ताम्हन उचलून कपाटात ठेवल्यावर रांग पांगली. कोचरेकरांनी मग बहिणीला नको ते ऐकवलं. अडाणी म्हणाले. चौतीस वर्षांची इभ्रत तांब्याभर पाण्यात घालवलीस, म्हणाले. आक्का ऐकत राहिली. सगळं झाल्यावर उठली, बेडरूमच्या दारापाशी गेली आणि कागदावर बोट ठेवून म्हणाली, "वहाणा भायर, हात सुके, तोंडार फडको, दार बंद. असा आमच्या रवळनाथाच्या देवळात पण नाय रे चंदू. मगे मी काय समजाचा?"

कोचरेकरांनी स्वतःच्या अक्षरातला तो कागद पहिल्यांदाच दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचला. आक्काची त्यांना लाज वाटत नव्हती, स्वतःची वाटत होती.

पण स्टोअरकीपर हात टेकत नाही. दुसऱ्या दिवसापासून ते वही घेऊन घरोघर फिरले. तीर्थ लोकांनी जपून ठेवलं होतं. पाण्याच्या बाटल्या, औषधाच्या बाटल्या, एक गंगेचा गडू. कोचरेकरांनी एकतीस घरांतून ते परत मिळवलं आणि प्रत्येकाला पोच लिहून दिली. सगळं परातींत ओतून एसीच्या खोलीत वाळवायला ठेवलं. तीन आठवड्यांनी परातीच्या तळाशी करडं, खरबरीत मीठ उरलं. त्यात हळदकुंकू, तुळशीची पानं आणि एक मुंगी. त्याचा दगड होईना. रुक्मिणीबाई म्हणाल्या, "अहो, आता त्यांना कळवा." त्यांनी चार वेळा पत्र लिहायला घेतलं. 'कळविण्यास खेद होतो की' याच्या पुढे एकदाही गाडी गेली नाही. आणि पाचव्यांदा बसले त्या दिवशी वॉल्टरचंच पत्र आलं, तिकिटाची तारीख कळवणारं.

वॉल्टर आला तो एक्याऐंशी वर्षांचा, उंच, गुडघ्याला पट्टा बांधलेला. टॅक्सीतून उतरून तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. दारात त्यानं बूट काढले. कोचरेकरांनी त्याला एसीच्या खोलीत नेऊन बसवलं आणि वेळ न घालवता सगळं त्याच्यासमोर मांडलं. स्टीलचा डबा, डब्यात तांदूळ, तांदळात बरणी, बरणीत लिंबाएवढा खडा. शेजारी परातीतलं करडं मीठ. मग ते सरळ उभे राहिले आणि कारखान्यात चौकशी समितीसमोर उभं राहून बोलावं तसं सगळं बोलले. काही वगळलं नाही. मोंडकरांचं बीपीसुद्धा सांगितलं.

वॉल्टरनं खडा तळहातावर घेतला. अंगठ्यानं त्याच्या कडा चाचपल्या.

"मुंबई कोरडी नाही?" त्यानं विचारलं.

"नाही."

"विमानातून उतरल्यावर मला शंका आली होती." त्यानं खडा मुठीत मिटला. मग म्हणाला, "मला राग आलाय, चंद्रप्रकाश. फार आलाय. पण या वयात, या गुडघ्यानं, रागावून मी तीन मजले उतरणार नाही."

कोचरेकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते लपवलं नाही. म्हातारा येऊन जाईपर्यंत गावी जायचं नाही म्हणून थांबलेली आक्का दारात उभी होती. तिला एक अक्षर कळलं नव्हतं, पण म्हाताऱ्याचा चेहरा कळला होता. तिनं त्याच्यापुढे पेजेची वाटी आणून ठेवली. वॉल्टर तीन दिवस त्या खोलीत राहिला, कारण घरात दुसरीकडे कुठे त्याला श्वास घेववेना. खायला मागायचा, बोलायचा कमी. खडा उशाशी ठेवून झोपायचा. कोचरेकर हॉलमध्ये पंख्याकडे बघत पडून राहायचे.

निघायच्या दिवशी सकाळी त्यानं कोचरेकरांना बोलावलं आणि विचारलं, "तुमची बहीण पाणी घालताना काय म्हणायची?"

कोचरेकरांना माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी आक्काला हाक मारली. आक्का आधी लाजली, मग पदर सावरून म्हणाली आणि कोचरेकर एकेक ओळ इंग्रजीत करत गेले. "बा देवा म्हाराजा, ही जी काय तुझी लेकरां तुझ्यासमोर उभी आसत, तेंका सुखात ठेव रे म्हाराजा. आणि जंयसून तू इलंस, थंयच्या माणसांकय बरा ठेव. थंय कोण एकटा पडला आसात, तेच्या पाठीशी उभो रव रे म्हाराजा."

जिथून देव आला तिथे कुणी एकटं पडलं असेल तर त्याच्या पाठीशी उभा राहा, या शेवटच्या ओळीला कोचरेकरांचं इंग्रजी अडकलं. कारखान्यात त्यांना असलं काही लिहावं लागलं नव्हतं. पण त्यांनी ते कसंबसं केलं.

"हे रोज?" वॉल्टरनं विचारलं.

"रोज. तेरा दिवस."

"आणि बाकीचे लोक?"

"ते हो म्हणायचे. सगळे मिळून."

वॉल्टरनं तोंड फिरवलं. मार्था गेल्यापासून आपल्यासाठी कुणी काही मागितल्याचं आठवत नाही, असं तो म्हणाला. मग त्यानं खडा पुढे केला. "एकदा माझ्यासमोर करा."

आक्का मागे सरली. "माका आता म्हायत आसा ता मीठ. मिठाक कोण आंघोळ घालता?" आणि ती काही केल्या तांब्या हातात घेईना. कोचरेकरांनी वॉल्टरला सांगितलं, जमणार नाही. वॉल्टर खडा तसाच धरून उभा राहिला.

तेव्हा कोचरेकर स्वतःच स्वयंपाकघरात गेले. तांब्या भरला. ताम्हन आणलं, पाट मांडला, खडा ताम्हनात ठेवला. मार्चपासून ज्याच्या खोलीत त्यांनी बायकोला श्वास घेऊ दिला नव्हता त्याच्यावर त्यांनी तांब्या वाकडा केला. पाणी भसकन आलं आणि जमिनीवर सांडलं.

"असा नाय रे," आक्का म्हणाली. तिनं त्यांच्या हातातून तांब्या ओढून घेतला. "धार बारीक धर." आणि ती धार धरून गाऱ्हाणं घालू लागली. दारातून रुक्मिणीबाई 'होय म्हाराजा' म्हणाल्या. जिन्यातून आवाज ऐकून आलेले मोंडकरही म्हणाले. तिसऱ्या वेळी वॉल्टरनंही ते आपल्या जाडजूड उच्चारात म्हटलं. आक्कानं दुसरा तांब्या घेतला, मग तिसरा. खडा सुपारीएवढा झाला, मग वाटाण्याएवढा, मग नुसतंच गुलाबीसर पाणी राहिलं.

वॉल्टरनं हात पुढे केला. आक्कानं पळीभर घातलं. तो प्यायला आणि त्यानं पुन्हा हात पुढे केला. मोंडकरांनी नको नको म्हणत अर्धी पळी घेतली. सगळ्यात शेवटी कोचरेकरांनी आपला तळहात धरला. अठरा वर्षांत वॉल्टरकडून कितीतरी दगड आले होते, आणि प्रत्येकाच्या बदल्यात त्यांनी तोलून एक गारगोटी धाडली होती. या एका पळीच्या बदल्यात त्यांना काय पाठवता येणार होतं? ते प्यायले. पाणी खारट होतं. वॉल्टरनं आपल्याला काहीतरी दिलं असं त्यांना त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं.